'ऑनर' या शब्दाची कुळकथा

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरत असता नववीच्या वर्गात शिकणारी एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "गुरुजी, एका शब्दाचा अर्थ विचारायचा आहे." तिच्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्याच्या माथ्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत 'ऑनर' हा शब्द लिहिलेला असून खाली दर वर्षी पहिल्या आलेल्या मुलामुलींची नावे आहेत. त्या फळ्यावर एक दिवस आपलेही नाव लागावे अशी तिची इच्छा. परंतु त्याच आठवड्यात घरी आलेल्या वर्तमानपत्रात तिने हाच शब्द निराळ्या सोबतीत वाचला होता. मुलीने आपल्या मर्जीने लग्न केले म्हणून घरच्याच माणसांनी तिचा जीव घेतला, आणि त्या बातमीवर मथळा होता 'ऑनर किलिंग'. मुलगी म्हणाली, "गुरुजी, फळ्यावरचा ऑनर आणि हा ऑनर एकच का हो?"

प्रश्न चार शब्दांचा, पण उत्तर पायरीवर उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते. "बाळ, या वेळच्या अंकात लिहितो," असे तिला सांगून आम्ही घरी आलो आणि कोश उघडले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम उच्चार पाहू. हा शब्द लिहिताना इंग्रज लोक आरंभी 'ह'चे अक्षर घालतात आणि बोलताना ते गाळतात. शाळेत कितीतरी मुले 'होनर' असे वाचून वर्गात हशा पिकवीत आली आहेत. परंतु दोष त्या मुलांचा नाही, इतिहासाचा आहे. हा शब्द इंग्रजांच्या मूळच्या बोलीतला नव्हेच. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांताच्या सरदारांनी इंग्लंड जिंकले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची फ्रेंच भाषा राजदरबारात, न्यायालयात व जमीनदारांच्या वाड्यांत जाऊन बसली. त्या भाषेत अशा शब्दांच्या आरंभीचा 'ह' मुका झालेला होता. पुढे पंडितांनी मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून अक्षर ठेवले, पण लोकांची जीभ काही वळली नाही. वेळ दाखविणारा 'अवर', वारस या अर्थाचा 'एअर' आणि प्रामाणिक या अर्थाचा 'ऑनेस्ट' हे शब्दही याच वाटेने आले. त्यांपैकी ऑनेस्ट हा तर ऑनरचा सख्खा भाऊ. लॅटिन भाषेत 'होनेस्तुस' म्हणजे मानास पात्र असलेला मनुष्य. मान आणि प्रामाणिकपणा यांचे घर मुळात एकच होते, एवढे येथे ध्यानी घ्यावे.

नॉर्मन राजवटीत या शब्दाला आणखी एक अर्थ होता. एखाद्या बड्या सरदाराकडे ज्या अनेक जहागिरी असत, त्या सर्वांच्या समूहालाही 'ऑनर' असे म्हणत. ही जहागीर फुकट मिळत नसे. युद्धप्रसंगी राजाला ठरलेले घोडेस्वार पुरविण्याचे दायित्व तिच्याबरोबर येई.

तेथून मागे रोमला गेलो की शब्दाचे मूळ घर दिसते. रोमी लोक 'होनोर' अथवा जुन्या रूपात 'होनोस' म्हणत, आणि त्या शब्दाने दोन गोष्टी समजत: एक लोकांनी दिलेला मान, आणि दुसरी लोकांनी सोपविलेले अधिकारपद. नगराची एकेक पायरी चढत वरच्या पदापर्यंत जाण्याच्या क्रमाला ते 'मानांचा मार्ग' म्हणत. या पदांना वेतन नसे. उलट पदाधिकाऱ्याला उत्सवांसाठी व खेळांसाठी पुष्कळदा पदरमोड करावी लागे. त्याचीच खूण म्हणून वेतन न घेता काम करणाऱ्यास आजही इंग्रजीत 'ऑनररी' आणि मराठीत 'मानद' म्हणतात, आणि त्याच्या हाती जी अल्प रक्कम ठेवावयाची तिला 'मानधन' म्हणतात.

लॅटिन भाषेत 'होनोस' म्हणजे मान आणि 'ओनुस' म्हणजे ओझे. हे दोन शब्द कानाला इतके जवळचे, की वारो नावाच्या रोमी पंडिताने मान हा शब्द ओझ्यापासूनच निघाला, असे लिहून ठेवले आहे. आजचे भाषापंडित ही व्युत्पत्ती स्वीकारीत नाहीत. तथापि ज्याच्या खांद्यावर गावाचे काम आहे त्याला तिचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात मार्सेलस नावाच्या सेनापतीने मान आणि सद्गुण या दोन्ही देवतांना एकाच मंदिरात ठेवण्याचे योजिले. पुरोहितांनी हरकत घेतली की एका गाभाऱ्यात दोन देवता राहू शकत नाहीत. तेव्हा रोमच्या कापेना वेशीजवळ दोन गाभारे लागून बांधण्यात आले. सद्गुणाच्या दारातून गेल्यावाचून मानाच्या गाभाऱ्यात प्रवेश नाही, अशी त्याविषयी ख्याती झाली. रोमी लोकांनी ही दोन मंदिरे एकमेकांस भिडवून बांधली होती, याचा उल्लेख संत ऑगस्टीन यांनी आपल्या देवनगरीविषयीच्या ग्रंथातही केला आहे. देव कोणते खरे व कोणते खोटे हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. परंतु दारांचा तो क्रम मात्र चुकलेला नव्हता.

असो. रोमहून फ्रान्सला आणि फ्रान्सहून इंग्लंडला गेलेला हा शब्द एके दिवशी आमच्या बऱ्हाणपुरातही येऊन उभा राहिला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

इ. स. १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील म्हणून सर टॉमस रो हा सुरतेहून अजमेरास जहांगीर बादशहाच्या भेटीस निघाला होता. वाटेत बऱ्हाणपूर लागले. त्या काळी बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे होते, आणि बादशहाचा दुसरा मुलगा परवेझ येथे राहत होता. शहराच्या कोतवालाने रोला सामोरे येऊन एका सराईत नेले आणि विटांच्या चार खोल्या दाखविल्या. रोने आपल्या रोजनिशीत त्या खोल्यांना भट्टीची उपमा दिली आहे. आपल्या पदाचा हा अवमान आहे असे वाटून त्याने खोल्या नाकारल्या आणि तो आपल्या तंबूतच निजला. कोतवाल म्हणाला, गावात याहून बरी जागा नाही.

चार दिवसांनी परवेझाच्या दरबारात भेट ठरली. परवेझ उंच सज्जात छताखाली बसला होता. खाली कठड्याच्या आत शहराचे बडे लोक हात जोडून उभे होते. एका अंमलदाराने रोला सांगितले की, डोके उघडे करून कपाळ जमिनीला टेकविले पाहिजे. रोने उत्तर दिले की, मी शहाजाद्यास मान देण्यासाठी आलो आहे, चाकरांच्या रिवाजातून मी मुक्त आहे. पुढे जाऊन त्याने आपल्या देशाच्या रीतीने नमन केले आणि परवेझानेही शरीर लववून त्याचा स्वीकार केला. मग रोने वर येऊन बोलण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. इराणचा शहा आला तरी त्याला वर येता येणार नाही, असे सांगण्यात आले. मग त्याने खुर्ची मागितली. उत्तर आले की, या जागी आजवर कोणीही बसलेला नाही. फार तर रुप्याने मढविलेल्या या खांबाला टेकून उभे राहावे. रो खांबाला टेकला. बऱ्हाणपुरात इंग्रजांना वखार घालू द्यावी अशी त्याने विनंती केली, आणि ती मान्य झाली. नंतर खासगीत भेटू असे परवेझ म्हणाला. परंतु रोने नजर केलेल्या वस्तूंत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. त्या बाटल्यांचा अंमल असा चढला की ती भेट काही होऊ शकली नाही.

रो चुकला असे आम्ही म्हणत नाही. तो एका राजाच्या वतीने आला होता. आपल्या धन्याचा मान राखणे हे त्याचे कर्तव्यच होते. परवेझही आपल्या घरच्या रिवाजाला धरून होता. परंतु सज्जा, पायऱ्या, टोपी आणि खुर्ची यांत दोघांचाही दिवस गेला. हा प्रसंग वाचताना आम्हांला आपल्या लग्नमांडवांची आठवण झाली. मानाचा फेटा आधी कोणाला, पंक्तीत पहिला पाट कोणाचा, आहेरात कोणाचे नाव राहिले, यावरून दोन घरांचा वीस वर्षांचा अबोला झालेला कोणी पाहिला नाही? संत लूक यांच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने मेजवानीतल्या मानाच्या जागा पटकाविणाऱ्यांना जो दृष्टान्त सांगितला, तो प्रत्येक लग्नघराच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. शेवटच्या जागी बसणाऱ्यालाच यजमान हात धरून वर नेतो. पहिल्या जागी आपण होऊन बसलेल्याला मात्र उठावे लागण्याची भीती.

रोच्या रोजनिशीत याच प्रसंगी आणखी एक मार्मिक नोंद आहे. नाव आणि थाट शहाजाद्याचा आहे, परंतु सारा कारभार खानखाना पाहतो, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. हे खानखाना म्हणजे अब्दुल रहीम. 'खानखाना' हाही मानाचा किताबच: खानांचा खान. हा किताब त्यांना अकबर बादशहाने गुजरातेतील विजयानंतर दिला होता. पण आज चारशे वर्षांनी बऱ्हाणपूर त्यांना कशासाठी ओळखते? ज्या सुमारास रो खुर्ची मागत होता, त्याच १६१५ च्या सुमारास रहीमांच्या आज्ञेने या शहरासाठी जमिनीखालून पाणी आणण्याचे काम उभे राहिले. सातपुड्याच्या पायथ्याकडून झिरपणारे पाणी भुयारात गोळा करावयाचे आणि उताराने शहरापर्यंत वाहवून आणावयाचे, अशी ती योजना. भुयारात हवा व उजेड जावा आणि ते साफ करता यावे म्हणून वाटेत शंभराहून अधिक कुंड्या खोदलेल्या आहेत. ना मोट, ना रहाट. हाच आपला कुंडी भंडारा. परवेझाचा सज्जा कोणाला आठवत नाही. कुंडी भंडाऱ्याचे पाणी मात्र लोक आजही ओंजळीने पिऊन पाहतात.

येथे 'अब्रू' हा आपल्या बोलीतला शब्द आठवतो. तो फारसीतून आला. 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा; अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी. रहीमांच्या एका प्रसिद्ध दोह्यात पाणी हा एकच शब्द मोत्याचे तेज, माणसाची अब्रू आणि पिठात घालावयाचे पाणी अशा तीन अर्थांनी योजिलेला आहे. ज्याने गावाला पाणी दिले त्याला अब्रूचा अर्थ कोशात पाहावा लागला नसेल.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. चौथी आज्ञा आपण लहानपणीच पाठ केली: आईबापांना मान द्यावा. इंग्रजी बायबलात येथे 'ऑनर' हाच शब्द आहे. परंतु मोशेला ज्या हिब्रू भाषेत ही आज्ञा मिळाली, त्या भाषेतील शब्दाच्या धातूचा अर्थ आहे 'जड असणे'. म्हणजे आईबापांना वजन द्या, त्यांना हलके लेखू नका. आपणही म्हणतोच ना, अमक्याच्या शब्दाला वजन आहे म्हणून? आणि नव्या करारातील ग्रीक भाषेत मानाला 'तिमे' म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे किंमत, मोल. संत पौलाचा शिष्य तिमथी याच्या नावातही हाच शब्द असून, देवाला मान देणारा असा त्या नावाचा अर्थ होतो.

मान म्हणजे वजन आणि मान म्हणजे मोल, हे दोन्ही अर्थ जमेस धरले की चौथी आज्ञा नुसत्या नमस्काराने पाळली जात नाही हे कळते. संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने अशा लोकांची कानउघाडणी केली आहे, जे आपला पैसा देवाला वाहिला असे सांगून म्हाताऱ्या आईबापांच्या पोटाला देत नसत. आपल्या देशात तर २००७ साली संसदेला कायदा करावा लागला की, मुलांनी आईवडिलांचा चरितार्थ चालविला पाहिजे. नाताळच्या दिवशी आईच्या पाया पडावयाचे आणि तिच्या औषधाची चिठ्ठी महिनाभर खिशात ठेवावयाची, याला मान म्हणत नाहीत.

व्यापारी लोक हा अर्थ पूर्वीपासून चांगला जाणतात. बऱ्हाणपूर हे सुरत आणि आग्रा यांच्या वाटेवरचे पेठेचे गाव. येथले कापड दूरदूर जाई. एवढी रोकड वाटेने कोण नेणार? तेव्हा सावकार हुंडी लिहीत, आणि दुसऱ्या गावच्या पेढीने ती पाहून पैसे मोजले की म्हणत, हुंडी सकारली. इंग्रजीत याच कृतीला 'ऑनर' करणे म्हणतात. बँकेतला चेक वटला नाही तर कायद्याच्या भाषेत त्याचा 'डिसऑनर' झाला, म्हणजे मान राहिला नाही. दिलेला शब्द पाळला तर मान राहिला, नाही तर गेला, इतका सरळ हा हिशेब आहे. आपण सावकाराच्या विश्वासार्हतेला 'पत' म्हणतो आणि माणसाच्या लौकिकालाही 'पत' म्हणतो, ते याच कारणाने.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

रोमपासून बऱ्हाणपूरपर्यंत आणि सीनाय पर्वतापासून सावकाराच्या पेढीपर्यंत या शब्दाचा माग काढला, तेव्हा त्याचे अर्थ असे निघाले: सोपविलेले काम, वाहिलेले ओझे, दुसऱ्याला दिलेले वजन, मोजलेले मोल, पाळलेला शब्द. यांतला प्रत्येक मान दुसऱ्याला काही देऊन मिळतो. दुसऱ्याचे काही हिरावून मान मिळविण्याची रीत यांत कोठेही बसत नाही. मग घरच्या लेकीचा प्राण घेण्याच्या कृत्याला हे नाव मिळाले कसे? ते मिळाले मारणाऱ्यांच्या तोंडून. लोक काय म्हणतील या भीतीला त्यांनी मान असे नाव दिले. आपल्या घरातल्या माणसाला ते आपल्या लौकिकाची वस्तू समजले. आणि वर्तमानपत्रांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, अशा हत्यांत मानास्पद असे काहीही नाही, हे निव्वळ रानटी आणि लज्जास्पद खून आहेत. २०१८ साली त्याच न्यायालयाने आणखी सांगितले की, दोन सज्ञान माणसे आपसांत विवाह ठरवितात तेव्हा त्यांची संमती पुरेशी आहे. कुटुंबाच्या, जातीच्या वा पंचायतीच्या संमतीची तेथे आवश्यकता नाही.

वाचकहो, खुनाची गोष्ट दूरच्या गावची म्हणून आपण सुटलो असे समजू नये. प्राण न घेताही माणसाला घरातून पुसून टाकता येते. मुलाने किंवा मुलीने आपल्या पसंतीने लग्न केले म्हणून तिचे नाव काढावयाचे नाही, आई आजारी पडली तरी कळवावयाचे नाही, नातवंडाच्या बाप्तिस्म्याला जावयाचे नाही, अशी घरे आपल्याही धर्मग्रामांत आहेत. विचारले की उत्तर मिळते, आमच्या मानाचा प्रश्न आहे. मुलांच्या निवडीची काळजी वाटणे, त्यांना चार गोष्टी सांगणे, हा आईबापांचा हक्क आहे आणि तो कोणी नाकारीत नाही. परंतु काळजी सांगून झाल्यावर दार बंद करावयाचे की उघडे ठेवावयाचे, हे मात्र आपल्या हाती आहे. देवळात विवाहविधीच्या वेळी वर आणि वधू जन्मभर एकमेकांवर प्रेम करण्याचे व एकमेकांचा मान राखण्याचे वचन देतात. दोघांचे वचन एकच. वराला निराळे आणि वधूला निराळे असे नाही. ज्या घरात मुलीने आपल्या आईला वडिलांकडून मान मिळताना पाहिला, त्या घराला मुलीची पाळत करून मान राखावा लागत नाही.

तेव्हा बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की, शब्द एकच आहे, पण वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर तो चोरून नेऊन लावलेला आहे. फळ्यावर तुझे नाव लागो, अशी आमची मनापासून इच्छा आहे. लागले तर ते वाचून तुझ्या आईला किती आनंद होईल, हेही आम्ही जाणतो. पण समज, एखाद्या वर्षी दुसऱ्या कोणाचे लागले, तरी घरी जाताना मान खाली घालून जाऊ नकोस. तुझा मान त्या फळ्याने दिलेला नाही, म्हणून तो फळ्याला काढूनही घेता येणार नाही. देवाने प्रत्येक माणसाला आपल्या प्रतिमेचा करून जे वजन दिले, ते तुझ्या जन्माबरोबरच आले आहे.

आणि तुझ्या आईवडिलांना आमचा निरोप सांग की, हा अंक तिघांनी मिळून वाचावा.